स्लाइड काळपट किंवा हिरवट येते? लॅब बदलण्याआधी फिल्मची कड वाचा

स्लाइड फिल्मचा, म्हणजे धुतल्यावर थेट सरळ रंगीत चित्र देणाऱ्या फिल्मचा रोल पंधरा-वीस दिवसांनी लॅबमधून परत येतो, आपण पाकीट फाडून पहिली पट्टी खिडकीकडे धरतो, आणि छत्तीसपैकी तीस चित्रे काळपट, नाहीतर अख्खा रोल हिरवट झाक मारणारा निघतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अजूनही स्लाइडवर काम करणारे जे मोजके लोक उरले आहेत, त्यांच्यापैकी कोणीही भेटला की हीच तक्रार ऐकू येते आणि तिच्यावरचा इलाजही ठरलेला असतो, तो म्हणजे लॅब बदलणे. पुढच्या वेळी फिल्म बदलते, त्याच्या पुढच्या वेळी कॅमेरा बदलतो आणि तक्रार जागच्या जागी राहते. मीही काही वर्षे हेच केले. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की चूक नेमकी कुठे होती हे कधीच कळत नाही, आणि रोलची किंमत, तो धुण्याचा खर्च व जाण्यायेण्याचे कुरिअर यांचा हिशेब मांडला तर असे अंधारात चाचपडणे आजच्या दिवसांत कोणालाही परवडणारे नाही. चूक कॅमेऱ्याची, फिल्मची की लॅबची, याचा बराचसा पुरावा त्याच पट्टीच्या कडेला छापून आलेला असतो आणि आपण तो पाहतच नाही, म्हणून हा लेख.

आधी एक साधी खबरदारी घ्यावी. स्लाइड ट्यूबलाइटसमोर, मोबाईलच्या पडद्यावर किंवा स्वस्त एलईडी पॅनेलवर ठेवून तिच्या रंगाचा निवाडा करू नये. ट्यूबच्या उजेडात हिरव्याचा अंश जास्त असतो आणि तो स्लाइडमधून आरपार येऊन थेट आपल्या डोळ्यांत शिरतो. रंग अचूक दाखवणारे, सुमारे ५००० केल्व्हिनचे लाइट टेबल जवळ नसेल, तर सकाळी दहाच्या सुमारास उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदावरून ऊन परावर्तित होऊ द्यावे आणि पट्टी त्या कागदासमोर धरून भिंगातून पाहावी. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या दोघांच्या ‘हिरव्या’ स्लाइड एवढ्यानेच बऱ्या झाल्या. स्कॅन करून पाठवलेल्या चित्रावरून तर निवाडा अजिबात करू नये, कारण स्कॅनर चालवणाऱ्याने रंग कुठे नेऊन ठेवले आहेत हे आपल्याला ठाऊक नसते.

आता कडेकडे वळू. निगेटिव्हमध्ये जिथे उजेड पडतो तिथे काळे होते, तर स्लाइडमध्ये जिथे उजेड पडतो तिथे फिल्म पारदर्शक होते आणि जिथे उजेड पडतच नाही तिथे ती पूर्ण काळी राहते. दात्यांच्या भोकांची दोन्ही बाजूंची पट्टी आणि दोन चित्रांमधली फट यांवर कॅमेऱ्यात उजेड पडत नाही, म्हणून ती जागा रोलमधली सर्वांत गडद आणि कोणत्याही रंगाकडे न झुकणारी काळी असायला हवी. रोल भरताना बाहेर राहणारी जीभ, म्हणजे लीडर, भरपूर उजेड खाते, म्हणून ती धुतल्यावर काचेसारखी स्वच्छ व्हायला हवी. या दोन टोकांशी आपल्या मीटरचा (उजेड मोजणाऱ्या यंत्राचा), शटरचा किंवा छायाचित्रकाराच्या अंदाजाचा काहीही संबंध नसतो. कडेवर छापलेले फिल्मचे नाव आणि फ्रेमचे नंबरही कारखान्यातच उजेड देऊन उमटवलेले असतात, त्यामुळे ते आपल्या हाताबाहेरचे तिसरे साक्षीदार ठरतात. त्याच फिल्मचा एखादा उत्तम धुतलेला तुकडा जपून ठेवावा आणि नव्या रोलची कड त्याच्याशेजारी ठेवून पाहावी, कारण नुसत्या आठवणीवर काळ्याची पारख होत नाही.

या साक्षीदारांचे म्हणणे समजण्यासाठी ई-६ या स्लाइड धुण्याच्या रासायनिक प्रक्रियेत काय घडते ते थोडक्यात माहीत हवे. पहिला डेव्हलपर, ज्याला रंगाशी काही देणेघेणे नसते, तो उजेड पडलेल्या कणांची काळी-पांढरी निगेटिव्ह चांदी तयार करतो. मग रिव्हर्सल बाथ उरलेल्या, म्हणजे उजेड न पडलेल्या कणांना डेव्हलप होण्याजोगे करते आणि कलर डेव्हलपर त्या कणांभोवती रंग तयार करतो. शेवटी ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात आणि मागे केवळ रंग उरतात. सगळ्यात नाजूक पायरी पहिल्या डेव्हलपरची. तिथे ३८ अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यात अंशाच्या तीनदशांशाहून जास्त चढउतार चालत नाही आणि वेळ साधारण सहा मिनिटे असते. हा डेव्हलपर थंड, दमलेला किंवा अपुरा पडला, तर पुढे रंगासाठी जास्त कण शिल्लक राहतात आणि अख्खा रोल गडद होतो. उलट तो जास्त चालला, तर चित्रे फिकट होतात आणि काळ्याचे काळेपण उतरते.

म्हणून नुसती ‘चित्रे काळी आली’ एवढ्यावर न थांबता फ्रेमचे नंबर पाहावेत. चित्रे गडद आहेत, पण नंबर आणि फिल्मचे नाव जपून ठेवलेल्या तुकड्याइतकेच उजळ आहेत आणि जीभही स्वच्छ आहे, असे असेल तर लॅबला फोन करू नये, आपला मीटर तपासावा. चित्रांबरोबर नंबरही मंद, दबलेले दिसत असतील तर पहिल्या डेव्हलपरवर संशय घेण्यास जागा आहे. कडेचे काळे तपकिरी, हिरवट किंवा जांभळट छटेचे असेल, तर कलर डेव्हलपरचे गणित बिघडले आहे, किंवा फिल्म उष्णतेने, वयाने अथवा एक्स-रेने आधीच धुरकटली आहे. या दोन्हींतला फरक एकाच रोलवरून नक्की सांगता येत नाही. मात्र त्याच दिवशी त्याच लॅबमध्ये दुसऱ्या कोणाचा ताजा रोल धुतला गेला असेल, तर त्याची कड पाहून प्रश्न निकालात निघतो. जीभ स्वच्छ न होता राखाडी, गढूळ राहिली असेल आणि चित्रांतल्या पांढऱ्या जागाही मळकट वाटत असतील, तर ब्लीच अपुरे पडून चांदी मागे राहिली आहे. दुधाळ किंवा पिवळसर जीभ ही अपुऱ्या फिक्सरची खूण मानावी. शेवटचे हे दोन दोष चांगल्या लॅबमध्ये पुन्हा ब्लीच आणि फिक्स करून सुधारता येतात, त्यामुळे असा रोल चिडून फेकून देऊ नये. दोन्ही डेव्हलपरमध्ये झालेले नुकसान मात्र कायमचे असते.

कडेवरून आत येणारे नारिंगी-तांबडे फटकारे ही आणखी वेगळी गोष्ट आहे. तो कॅमेऱ्याच्या पाठीकडून शिरलेला उजेड असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात जुन्या कॅमेऱ्याच्या दारातला फोम चिकट होऊन विरघळतो आणि मग हे घडते. फोम बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे असते.

ही कड वाचायला मी शिकलो ते स्वतःची फजिती करून घेतल्यानंतर. खानापूर तालुक्यातील हलशी येथे कदंबकालीन भूवराह नरसिंह मंदिर आहे आणि आत दगडावर पडणारा मंद उजेड कोणालाही मोहात पाडेल असा आहे. तिवई लावून, व्हेल्विया ५० ही फुजीची स्लाइड फिल्म भरून, मीटरने सांगितले तसे ३२ सेकंदांचे आठ फोटो मी घेतले. रोल आला तेव्हा बाहेरच्या आवारातली चित्रे दृष्ट लागण्यासारखी होती आणि गाभाऱ्याजवळची आठही चित्रे काळपट व शेवाळल्यासारखी हिरवी होती. मी लॅबला फोन करून बरेच काही ऐकवले. पलीकडच्या गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “साहेब, त्या आठ फ्रेमच्या वरखालची कड काळी आहे ना? नंबर स्वच्छ वाचता येतात ना? मग बाकीचा रोल चांगला आणि मधलीच आठ चित्रं वाईट, असं केमिकल कसं काय करेल?”

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर फिल्मच्या तक्त्यात होते आणि तो मी कधी उघडून पाहिला नव्हता. व्हेल्विया ५० ही फिल्म एका सेकंदापर्यंत सरळ वागते. त्यापुढे तिची संवेदनशीलता घसरत जाते आणि रंग हिरव्याकडे कलतो. फुजीच्याच तक्त्याप्रमाणे चार सेकंदांना एकतृतीयांश, १६ सेकंदांना दोनतृतीयांश आणि ३२ सेकंदांना पूर्ण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवावा लागतो, जोडीला गुलाबी-जांभळट छटेचा मॅजेंटा फिल्टर लावावा लागतो आणि ६४ सेकंदांचा वापर करूच नये असे सांगितलेले आहे. फुजीचीच प्रोव्हिया १००एफ मात्र १२८ सेकंदांपर्यंत कोणतीही दुरुस्ती मागत नाही. म्हणजे फिल्मची निवड चुकली होती आणि शिव्या लॅबला पडल्या. त्या गृहस्थांची मी नंतर माफी मागितली. माझे रोल आजही त्यांच्याकडेच जातात.

हिरव्याचे दुसरे कारण आपल्या परिसरातच आहे. जांबोटी, कणकुंबी किंवा भीमगडच्या बाजूला दाट झाडीखाली उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा स्लाइडवर हिरवट येतो, कारण त्याच्यावर पडणारा उजेड पानांतून गाळून आलेला असतो. आपला मेंदू तो रंग वजा करून पाहतो, पण फिल्म तसे काही करत नाही. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत किंवा उघड्या आकाशाखालच्या सावलीत निळसर झाक येते, तेही याच कारणाने. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली स्लाइड फिल्म साधारण ५५०० केल्व्हिनवर बेतलेली असते, म्हणून पावसाळ्यात ८१ए किंवा ८१बी हा किंचित पिवळसर फिल्टर पिशवीत असावा. निगेटिव्हमध्ये अशा गोष्टी प्रिंट काढताना सावरल्या जातात. स्लाइडमध्ये मात्र सावरणारे कोणी नसते, कारण जी फिल्म कॅमेऱ्यात होती तीच शेवटचे चित्र असते.

चित्रे सातत्याने गडद येत असतील आणि कड निर्दोष असेल, तर संशय मीटरवर घ्यावा. १९६० आणि १९७० च्या दशकांतले अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले आहेत. ती बॅटरी आता मिळत नाही, म्हणून दुकानदार त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी घालून देतो. जास्त व्होल्टेजमुळे बऱ्याच कॅमेऱ्यांचा मीटर उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि आपण त्याचे ऐकून एक स्टॉप कमी एक्स्पोजर देतो. निगेटिव्ह फिल्मने ही चूक वर्षानुवर्षे पोटात घातलेली असते, स्लाइड पहिल्याच रोलमध्ये ती उघडी पाडते. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या काही कॅमेऱ्यांतील मीटरची जोडणी व्होल्टेजच्या फरकाला दाद देत नाही, त्यांना ही बाधा होत नाही. बाकीच्यांसाठी कानाच्या यंत्रात वापरतात ती १.४ व्होल्टची झिंक-एअर बॅटरी बरी, फक्त तिचे आयुष्य थोडे असते. मीटर तपासण्याची घरगुती रीत अशी की, डिसेंबरातल्या निरभ्र दुपारी, सूर्य पाठीशी ठेवून, १०० आयएसओ संवेदनशीलतेच्या फिल्मला लेन्सचे छिद्र एफ १६ आणि शटर १/१२५ सेकंद हे एक्स्पोजर बरोबर असते. साध्या उन्हातल्या मध्यम रंगाच्या वस्तूवर मीटर याहून पुष्कळ वेगळे काही सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास टाकू नये.

स्लाइडची सहनशक्ती फार थोडी असते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सुमारे पाच स्टॉपच तिच्यात मावतात, आणि अर्धा स्टॉप जास्त झाला तरी पांढऱ्यातला तपशील कायमचा जातो. गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभा साधारण ५२ मीटर खाली कोसळते. भोवतीच्या गडद कातळाची सरासरी काढून मीटर जास्त एक्स्पोजर सांगतो आणि पाण्याच्या जागी कोरी पारदर्शक फिल्म उरते. अशा वेळी ज्या उजळ जागेत तपशील हवा आहे तिथे मीटर लावावा आणि मीटर सांगेल त्याहून दीड, फार तर दोन स्टॉप जास्त द्यावे. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेच्या गर्दीत भंडारा उधळला जातो तेव्हाही हेच होते. उन्हात तरंगणारी ती हळद डोळ्यांना पिवळी दिसते, तर अर्धा स्टॉप चुकलेल्या स्लाइडवर ती मळकट पांढऱ्या धुरासारखी येते. तिथे मी अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या फरकाने तीन-तीन फोटो घेतो. फिल्म जास्त जाते हे खरे, पण ती उधळण पुन्हा मिळायला पुढच्या यात्रेची वाट पाहावी लागते.

फिल्मच्या निवडीबद्दल माझे मत सांगतो, ते प्रत्येकाला पटेलच असे नाही. व्हेल्विया १९९० मध्ये आली आणि तिने निसर्गचित्रणाचा रंगच बदलला, पण आपल्या जांभ्या दगडाच्या तांबड्या भिंती आणि पावसाळी हिरवे शेत आधीच इतके गडद असते की तिच्यावर ते भडक होते. राजहंसगडावरून ढगाळ, सपाट उजेडात घेतलेल्या दृश्यांना मात्र ती जीव देते. अनेक जण ती ५० ऐवजी ४० आयएसओ धरून वापरतात. माणसांच्या चेहऱ्यांसाठी ती वापरू नये, गोरा माणूस उकडलेल्या खेकड्यासारखा दिसतो. प्रोव्हिया १००एफ संयत असते, देवळांच्या आत आणि लांब एक्स्पोजरला तिच्यावर भरवसा ठेवता येतो. कोडॅकची एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद झाली होती. ती ई१०० या नावाने २०१८ मध्ये परत आली. आज चेहरे, जत्रा, लग्न यांसाठी मी तीच घेतो, कारण तिचे रंग नितळ आहेत. फुजीच्या रोलचा पुरवठा अलीकडे सलग राहिलेला नाही, त्यामुळे जे मिळेल ते एकाच बॅच नंबरचे पाच-सहा रोल एकदम घ्यावेत. बॅच एक असली की एका रोलवरून शिकलेले दुसऱ्याला लागू पडते. मुदत संपलेले रोल स्वस्त मिळतात म्हणून स्लाइडमध्ये घेऊ नयेत. निगेटिव्हला जुनेपण शोभते, स्लाइडमध्ये काळे पातळ होते आणि रंग कलतो.

ठेवणीचाही दोष लॅबवर ढकलला जातो. रोल फ्रीजमध्ये ठेवावेत, पण बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नये. बंद डबी दीड तास तशीच राहू द्यावी, नाहीतर पावसाळ्याच्या दमट हवेत फिल्मवर दव धरते. फोटो काढून झालेला रोल महिनोन्महिने कॅमेऱ्यात ठेवणे हा आपल्या सगळ्यांचा दोष आहे. चित्र उमटलेली, न धुतलेली फिल्म ऊब लागेल तसे आपले रंग बदलत राहते. मे महिन्यात मोटारीच्या काचेखाली राहिलेला रोल असेल, तर त्याबद्दल लॅबला काही न बोललेलेच बरे.

लॅबची निवड करताना सगळ्यात आधी हे पाहावे की तिथे खरोखर ई-६ चालते की नाही. रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया, म्हणजे सी-४१, वेगळी असते. माझ्या एका स्नेह्यांनी सौंदत्तीचा रोल आमच्याच शहरातल्या एका दुकानात दिला होता. काउंटरवरच्या मुलाने डबीवरचे ई-६ हे अक्षर न पाहता तो निगेटिव्हच्या मशीनमध्ये घातला. रोल परत आला तेव्हा कड काळी नव्हतीच, ती पारदर्शक होती आणि आकाश पिवळट, चेहरे निळे-हिरवे अशी उलटी चित्रे होती. स्नेही चिडून दुकानात गेले तर तो मुलगा म्हणाला, “सगळे रोल सारखेच की हो अण्णा, आमच्याकडं रोज शंभर येतात. हे असलं येतंय म्हणून कुणी सांगितलंच नाही बघा.” त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिले नव्हते. यात्रा मात्र त्या वर्षीची गेली ती गेलीच.

बेळगावहून स्लाइडचा रोल पुणे, मुंबई, बेंगळुरू अशा मोठ्या शहरांकडेच पाठवावा लागतो. पाठवण्याआधी फोनवर चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरांपेक्षा ती देण्याची रीत ऐकावी. रोल तुमच्याच छताखाली धुतला जातो की पुढे दुसरीकडे जातो? ई-६ आठवड्यातून किती वेळा चालते? वेगवेगळ्या सहा बाथची प्रक्रिया आहे की ब्लीच आणि फिक्सर एकत्र केलेला तीन बाथचा संच? कंट्रोल स्ट्रिप चालवता का? कंट्रोल स्ट्रिप म्हणजे कारखान्यातून ठरावीक उजेड देऊन आलेली फिल्मची पट्टी. ती धुऊन डेन्सिटोमीटरने तिची घनता मोजली की रसायने कुठे सरकली आहेत ते चित्र खराब होण्याआधीच कळते. जी लॅब स्ट्रिप चालवते ती हा प्रश्न ऐकून खूश होते. जी चालवत नाही ती ‘आमचं रिझल्ट एकदम बेस्ट आहे’ असे म्हणते. ‘केव्हाही पाठवा, लगेच होईल’ असे म्हणणाऱ्यापेक्षा ‘आम्ही रोल साठवून गुरुवारीच करतो, थांबावे लागेल’ असे म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. ई-६ ची रसायने हवेने बिघडतात, आणि दोन-दोन रोलसाठी महिनाभर उघडझाप होणाऱ्या बाटल्यांपेक्षा ताज्या रसायनात एकदम धुतलेले वीस रोल केव्हाही बरे. तीन बाथचा संच वाईटच असतो असे मी म्हणत नाही. ताजा असेल आणि तापमान काटेकोर असेल तर त्यावर उत्तम स्लाइड येतात, फक्त त्यात चुकीला वाव जास्त आहे.

उत्तरे पटली तरी यात्रेचा किंवा लग्नाचा रोल पहिल्यांदा पाठवू नये. एक चाचणीचा रोल काढावा. दुपारच्या स्वच्छ उन्हात जांभ्याची भिंत, तिच्यासमोर पांढरे धोतर आणि काळी टोपी घातलेला माणूस, त्याच्या हातात करड्या रंगाचे कार्ड आणि ताटलीत थोडी हळद, एवढे दृश्य पुरेसे आहे. तेच दृश्य एक स्टॉप कमीपासून एक स्टॉप जास्तपर्यंत अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने घ्यावे आणि एक फ्रेम लेन्सवर झाकण ठेवून कोरी सोडावी. त्याच बॅचच्या दुसऱ्या रोलवर तेच दृश्य घेऊन तो दुसऱ्या लॅबला पाठवावा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या की धोतरातल्या घड्या कुठे दिसतात, टोपीचे काळे कुठे तपकिरी झाले आहे आणि कार्ड कुठल्या रंगाकडे कलले आहे, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. झाकण लावलेली फ्रेम कडेइतकीच काळी हवी. ती उजळली असेल तर उजेड कॅमेऱ्यात शिरतो आहे.

रोल बिघडण्याची भीती असेल किंवा एक्स्पोजरबद्दल शंका असेल, तर दोन सोयी मागता येतात. पहिली क्लिप टेस्ट. रोलच्या टोकाची चार-पाच चित्रे कापून आधी तेवढीच धुतात आणि ती पाहून उरलेल्याचे ठरवतात. दुसरी पुश. संपूर्ण रोल एक स्टॉपने कमी एक्स्पोज झाला आहे हे आपल्याला धुण्याआधीच कळले असेल, तर पहिल्या डेव्हलपरची वेळ सहाऐवजी आठ मिनिटे ठेवून तो बराच वाचवता येतो, थोडे काळे पातळ होते एवढेच. धुतल्यानंतर मात्र पुश करता येत नाही, हे सांगावे लागते, कारण लोक मागतात.

पाठवणुकीबद्दल थोडे. विमानतळावर सामानाच्या डब्यात जाणाऱ्या बॅगांचे यंत्र आणि नवी सीटी स्कॅनरची यंत्रे फिल्म धुरकटवू शकतात, म्हणून सांबऱ्याहून विमानाने जाताना रोल हातातल्या पिशवीत, पारदर्शक डब्यांत ठेवावेत आणि हाताने तपासण्याची विनंती करून पाहावी. उन्हाळ्यात खासगी बसच्या डिकीतून पार्सल पाठवायचे मी टाळतो, कारण तिथली उष्णता रात्रीतही उतरत नाही. सोमवारी पाठवलेले पाकीट आठवड्याच्या आत पोहोचते, शनिवारचे रविवारभर गोदामात तापत राहते.

जुन्या कपाटातून निघालेल्या रोलबद्दल बरेच जण विचारतात. डबीवर कोडाक्रोम लिहिलेले असेल, तर त्याची रंगीत प्रक्रिया जगात कुठेही उरलेली नाही. १९३५ मध्ये आलेली ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि शेवटच्या लॅबनेही २०१० च्या अखेरीस ते काम थांबवले. आता ती फक्त काळ्या-पांढऱ्यात धुता येते. ऑर्वोक्रोम एकेकाळी आपल्याकडे मिळत असे, तिचीही प्रक्रिया वेगळी होती आणि ती ई-६ मध्ये घालता येत नाही. असे रोल लॅबला पाठवताना तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर त्यांच्या बाथमध्ये आपल्यामुळे दुसऱ्यांचे रोल बिघडू शकतात.

शेवटी माउंटबद्दल, कारण माझ्या मते निम्मी भांडणे माउंटमुळे होतात. लॅबने स्लाइड कापून प्लास्टिकच्या चौकटीत बसवून पाठवली की कड, फ्रेमचा नंबर आणि दोन चित्रांमधली फट, सगळे चौकटीखाली दडते, आणि जीभ तर लॅबच्या कचऱ्याच्या डब्यात गेलेली असते. पुरावाच नाहीसा झाल्यावर तुमचे आणि लॅबचे बोलणे फक्त आवाज चढण्याच्या दिशेने जाते. म्हणून प्रत्येक पाकिटावर मी आता जाड पेनाने पुढील मजकूर लिहितो : ‘ई-६ स्लाइड. सी-४१ मध्ये घालू नये. नॉर्मल प्रोसेस, पुश नाही. कापू नये, माउंट करू नये, लांब पट्टीतच द्यावे. सुरुवातीची जीभ फेकू नये, रोलसोबत परत पाठवावी.’